तालुक्याच्या गावात कोण कोण राहतं? विदर्भातल्या ख्रिस्ती मंडळीने भोवतीची माणसं ओळखण्याची रीत

नाताळच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. प्रार्थनामंदिराच्या मागच्या अंगणात आम्ही बायका आदल्या दिवशीची पातेली घासत बसलो होतो. रस्त्यापलीकडच्या पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतली, एक बाई सरपणाची मोळी घेऊन चालली होती. आदल्या दिवशी ती जेवायला आली होती, म्हणून मी हाक मारली, "माय, काल जेवण बराबर झालं ना?" तिने मोळी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बलावलं त खरं बाई, पन बसाले कोनी म्हनलं नाही. आमी चपलाइपाशी उभ्यानंच खाल्लं."

तिला कोणी हाकललं नव्हतं. चटया पुरेशा होत्या, भातही उरला होता. आमची माणसं आपापल्या ओळखीच्यांना "या, इकडं बसा" म्हणत राहिली आणि पोडावरच्या सहा बायकांना ओळखणारं कोणी नव्हतं, एवढंच घडलं. निमंत्रण मीच दिलं होतं. त्या वेळी मी वाढायला आत होते.

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला मी गेली एकोणीस वर्षं मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, महिला संघाचं काम करते. त्याआधी परिचारिका होते. आमच्याकडे एक समज पक्का आहे की वेगवेगळ्या जातीजमातींची, भाषांची माणसं नागपूर-पुण्यासारख्या शहरात असतात, आपल्या तालुक्याच्या गावात सगळे आपलेच. हा समज खरा नाही. साधं पाणी घ्या. मराठीत पाणी, गोंडीत येर, कोलामीत ईर, तेलुगूत नीळ्ळु, आणि वर मेळघाटात गेलात की कोरकूत डा. यातल्या चार भाषा आमच्या एसटी स्टँडवर एका सकाळी ऐकू येतात. नागपूर-हैदराबाद महामार्ग, जिनिंग, वीटभट्ट्या, वणीकडच्या कोळसा खाणी यांनी तालुक्याच्या गावाला केव्हाच शहराचं रूप दिलं आहे. मंडळी मात्र अजून चार आडनावांच्या ओळखीवर चालते.

पुढे लिहिते ती रीत आम्ही चुका करत करत बसवली. एका तालुक्याला दीड-दोन वर्षं लागतात. पाळक (धर्मगुरू), पंच, महिला संघ, तरुण संघ, कोणीही सुरुवात करू शकतं.

आधी आपल्याच घरात बघा

बाहेर जाण्याआधी पंचमंडळाने एक संध्याकाळ काढावी आणि एका कागदावर लिहावं: आपल्या उपासनेत जे जे आपण "ख्रिस्ती पद्धत" म्हणून करतो, त्यातलं बायबलच्या वचनातून आलेलं काय आणि आपल्या आजीच्या घरातून आलेलं काय? नवरीची पांढरी साडी, "सलाम" करणं, पुस्तकी मराठीतली प्रार्थना, पेटीवरची गायनं, बायका डावीकडे आणि पुरुष उजवीकडे. यातलं वाईट काहीच नाही. मला तर त्या जुन्या गायनांवाचून रविवार सुना वाटतो. पण पोडावरच्या बाईला हे सगळं आधी शिकावं लागत असेल, तर आपण तिच्यासमोर ख्रिस्त ठेवण्याआधी आपलं घर ठेवतो आहोत.

प्रेषितांच्या काळात हाच प्रश्न यरुशलेमेच्या सभेपुढे आला होता. परराष्ट्रीयांनी आधी सुंता करून यहूदी व्हावं का? सभेने नाही म्हटलं. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी तेच वेगळ्या वाटेने केलं. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्याआधीची काही वर्षं ते नागपूरकडेच होते. पुढे त्यांनी ख्रिस्त गायला तो अभंगातून, ओवीतून, कीर्तनातून. मात्र अभंग हा मराठी माणसाच्या ओठावरचा. गडचिरोलीकडच्या गोंड-माडियांचं रेला वेगळं, तांड्यावरच्या बंजारा बायकांची लेंगी वेगळी. टिळकांनी आपल्या माणसांसाठी जे केलं ते त्या त्या माणसांना त्यांच्या चालीत करू द्यावं लागतं.

त्याच बैठकीत दुसरा प्रश्न विचारा, आणि इथे मन घट्ट करावं लागतं. आपल्या मंडळीतली घरं मूळची कोणत्या जातींतली, सोयरीक कोणात होते, कोणात कधीच झाली नाही? आमच्या पंचांनी पहिल्यांदा "आपल्यात जात नाही" असंच सांगितलं. मग मंडळीतल्या एका वृद्ध वडीलधाऱ्यांनी गेल्या तीस वर्षांतली लग्नं बोटांवर मोजली. त्यानंतर खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

वेगळेपण घेऊन एकत्र येण्याचा वारसा आपल्याकडे आहे, हेही त्या बैठकीत सांगा. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं, ते नागपुरात. युनियन बिब्लिकल सेमिनरी हे पाळक घडवणारं विद्यालय १९५३ पासून १९८३ ला पुण्याला जाईपर्यंत यवतमाळात होतं आणि देशाच्या वेगवेगळ्या राज्यांतले विद्यार्थी तिथे एकत्र जेवत, शिकत. विदर्भातल्या जिल्ह्याच्या गावाला हे नवं नाही.

वही घ्या आणि फिरा

शंभर पानी वही पुरते. दोघा-दोघांनी फिरायचं, जोडीत एक बाई असलीच पाहिजे. आठ आठवडे काहीही सांगायचं नाही, वाटायचं नाही, आमंत्रण द्यायचं नाही. फक्त बघायचं आणि ऐकायचं. पौल अथेनै (अथेन्स) शहरात बोलायला उभा राहिला त्याआधी तो वेद्या बघत फिरला होता, हे बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या १७ व्या अध्यायात आहे. आपण ते भाषण पाठ करतो आणि आधीचं फिरणं विसरतो.

कुठे फिरायचं? आठवडी बाजार, एसटी स्टँड, ग्रामीण रुग्णालयाची केसपेपरची रांग, रेशन दुकान, जिनिंगचं फाटक, वीटभट्टी, आश्रमशाळेची सुट्टी होते ती वेळ. बाजारात कोण कुठे बसतं ते टिपा. आमच्या बाजारात झाडू, टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायका अगदी शेवटी, मटण दुकानांच्या मागे बसतात, आणि त्यांच्याशी गिऱ्हाईक उभ्यानेच बोलतं. नाताळची ती चपलांची जागा मला इथे पुन्हा दिसली.

वहीत चार रकाने पाडा: जागा, कानावर पडलेली भाषा, महिना, आणि कोणत्या कामासाठी लोक आले होते. माणसाचं नाव आणि जात एकत्र लिहू नका. हा नियम आमच्याकडे पक्का आहे. अशी वही उद्या कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, आणि ज्याने विश्वासाने दोन शब्द सांगितले त्याच्या दारात भांडण जाऊ नये.

महिन्याचा रकाना सगळ्यात मोलाचा. आम्ही एका वर्षी एप्रिलमध्ये सकाळी सातला मुलांचं बायबल शिबिर ठेवलं. पोडाजवळच मांडव घातला, खाऊ आणला, आणि सात वाजता एक मूल नाही. आम्हाला वाटलं कोणीतरी अडवलं. साडेनऊला मुलं आली, एकेकाच्या डोक्यावर टोपलं. मोह वेचायला गेली होती. मोहाचं फूल रात्री उशिरा गळायला लागतं, ऊन चढेपर्यंत गळतं. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली असते, म्हणजे काळ्या मातीवर ती पिवळट पांढरी, मनुक्याएवढी रसाळ फुलं दिसतात. लहान मुलांची बोटं त्यात सगळ्यात चपळ. ते फूल अंगणात वाळवून विकलं की वर्षाचं मीठ-मिरची, वह्या-पुस्तकं निघतात. एका पोराने माझ्या ओंजळीत चार फुलं ठेवली आणि "खाय, गोड हाय" म्हणाला. पुढच्या वर्षापासून शिबिर पावसाळ्यात, शाळा सुटल्यावर घेतो.

म्हणून वहीच्या शेवटच्या पानांवर वर्षाचं कॅलेंडर करा. मार्च-एप्रिल मोहफूल. मे तेंदूपत्ता. मृगापासून पेरणी. श्रावण अमावास्येला पोळा. दिवाळीच्या मागे-पुढे कापूस वेचणी सुरू, ती जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत. जानेवारी ते मार्च चंद्रपूर-गडचिरोलीकडची कितीतरी कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात गेलेली असतात. मेळघाटातले कोरकू मजूर कुठेही असले तरी होळीला घरी परततात. बंजारा समाजाची तीज श्रावणात, सेवालाल महाराजांची जयंती १५ फेब्रुवारीला, रामनवमीला वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीची यात्रा. गोंड समाजाची कचारगडची यात्रा माघ पौर्णिमेला, गोंदियातल्या सालेकसा तालुक्यात. बौद्ध बांधवांचा १४ एप्रिल, वैशाख पौर्णिमा, विजयादशमी, ६ डिसेंबर. रमजानचा महिना. हे एकदा भिंतीवर लागलं की निम्म्या चुका आपोआप टळतात.

वस्तीचं नाव काय आहे ते विचारा

वस्तीला लोक काय म्हणतात त्यावरून बरंच कळतं. कोलामांचं पोड, बंजाऱ्यांचा तांडा, पारध्यांचा बेडा, पूर्वेकडे गोंडांचा टोला, मेळघाटात ढाणा. सगळ्यांना एकत्र "आदिवासी पाडा" किंवा "झोपडपट्टी" म्हणू नका, ऐकणाऱ्याला ते लागतं.

कोलामांबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कारण आमच्या भागात त्यांच्याशीच सगळ्यात जास्त चुकलं. महाराष्ट्रात तीन आदिम जमाती मानल्या आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. कोलामांची वस्ती मुख्यतः केळापूर, झरी जामणी, मारेगाव या यवतमाळच्या तालुक्यांत आणि पैनगंगेपलीकडे आदिलाबादकडे. कोलामी ही तेलुगू-गोंडीच्या कुळातली द्राविडी भाषा, मराठीची बोली नव्हे. पोडाच्या मध्ये चावडी असते, आणि पाहुणा थेट कोणाच्या दारात जात नाही, आधी चावडीवर टेकतो. आम्ही पहिली दोन वर्षं सरळ झोपड्यांपाशी जाऊन उभे राहत होतो. बायका आत निघून जात. आम्ही त्याला लाजाळूपणा म्हणत होतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा समजली. या पट्ट्यात कोलाम माणूस कित्येकदा शेजारच्या गोंडांच्या गावदेवांचाही पुजारी असतो; गोंड त्यांना पुजारीच म्हणतात. म्हणजे एखाद्या कोलाम वडीलधाऱ्याशी आपण श्रद्धेबद्दल बोलतो तेव्हा ती एका घराची गोष्ट राहत नाही. दोन समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला मान, शेतीच्या हंगामाची सुरुवात, गावाची शांती हे सगळं त्याच्या खांद्यावर असतं. हे न कळता बोलणारा माणूस त्याला उद्धट वाटतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

गोंडांमध्ये सगा महत्त्वाचा. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे अशी कुळांची मांडणी असते आणि एकाच देवसंख्येत लग्न होत नाही. विश्वासणाऱ्या गोंड तरुणांची लग्नं जमवताना आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी हे लक्षात घेतलं नाही. "आता ख्रिस्तात सगळे एक" म्हणून त्यांनी सहा देवांच्या मुलाला सहा देवांचीच मुलगी सुचवली. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना ते बहीण-भावाचं लग्न वाटलं. तो संबंध मोडला आणि ती घरं पुन्हा आमच्याकडे आली नाहीत. त्यांची रीत पाळल्याने आपला विश्वास कुठे कमी होत होता?

बंजारा तांड्यावर नायकाला भेटल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यांची गोरबोली घराघरांत जिवंत आहे. सवलतींचा एक तिढा ठाऊक असू द्या: हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो आणि नदी ओलांडली की तेलंगणात अनुसूचित जमातीत. एकाच घरच्या दोन बहिणी, एक इकडे दिलेली, एक तिकडे, त्यांच्या मुलांची कागदपत्रं वेगळी.

बौद्ध वस्तीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी विचार करून, अपमानाकडे पाठ फिरवून धम्म स्वीकारला. त्या घरात जाताना त्या निर्णयाचा मान ठेवूनच पायरी चढा. दवाखाना, मुलींची शाळा, दारूबंदी यांत त्यांच्या बायकांइतकी भक्कम साथ आम्हाला कोणी दिली नाही. "जय भीम" म्हणणाऱ्याला "जय भीम" म्हणा.

बाकीचं आपल्या जिल्ह्याप्रमाणे बघा. पश्चिमेला वऱ्हाडी, पूर्वेला झाडीबोली, सिरोंच्याकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याकडे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची बंगाली गावं, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत, अचलपूर-अकोल्याकडे मोठी मुस्लिम वस्ती, बल्लारपूरकडे केरळच्या परंपरेतला सिरो-मलबार चांदा धर्मप्रांत. प्रत्येक ठिकाणी वही नव्याने उघडावी लागते.

एक सावधगिरी इथेच सांगते. जमातीबद्दल चार गोष्टी कळल्या की माणसाला त्याच चौकटीत बसवायचा मोह होतो. आमच्या पोडावरचा एक मुलगा पदवीधर आहे, मोबाइल दुरुस्त करतो, आणि त्याला चावडीपेक्षा क्रिकेट जास्त प्रिय. वहीतलं कळलं ते प्रश्न विचारण्यापुरतं वापरा. उत्तर समोरच्याला देऊ द्या.

एक भाषा, दोनशे शब्द

पाच भाषा शिकायला जाऊ नका. मंडळीने एक निवडावी आणि दोघांनी ती मनापासून शिकावी. पहिले दोनशे शब्द शरीराचे, घरातले, शेतातले, नात्यांचे. देवाधर्माचे शब्द सगळ्यात शेवटी. शिकवणाऱ्याला, मग ती म्हातारी बाई का असेना, तासाचे पैसे द्या. दिवसभराची मजुरी बुडवून ती आपल्याला शिकवत असते. हेमलकशात १९७३ ला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा प्रकाश आमटे आणि त्यांचे सहकारी आधी माडिया शिकले, मग लोकांचे आजार त्यांना लोकांच्या तोंडून कळायला लागले. परिचारिका म्हणून मला हे पटकन पटलं. "पोटात दुखतं" आणि "पोटात आग पडते" हा फरक मातृभाषेतच सांगता येतो.

उपासनेत सुरुवात लहान ठेवा. प्रभूची प्रार्थना त्या भाषेत, त्या भाषेच्या माणसाने म्हणावी. भाषांतर आपण करू नये. आम्ही एक ओळ स्वतः जुळवली होती, ती ऐकून पोडावरच्या मुली पदर तोंडावर घेऊन हसल्या. मी कोणता शब्द चुकीचा वापरला ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. आता आम्ही मराठीत गोष्ट सांगतो, एक आजी ती ऐकते आणि कोलामीत पुन्हा सांगते. मग तिसऱ्या कोणाला ती कोलामीतून मराठीत सांगायला लावतो. गोष्ट कुठे वळली ते तिथे कळतं. बायबलातल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत, पैसा उधळून परतलेल्या मुलाकडे बापाने धावत जाणं त्यांना फार आवडलं. घरी राबत राहिलेल्या मोठ्या भावाची बाजू मात्र सगळ्यांनी घेतली, कारण बैल त्यानेच सांभाळले होते. त्यावर आम्ही तासभर बोललो. माझ्या आठवणीतली ती सगळ्यात चांगली उपासना.

बसायला कोण म्हणतं, वाढतं कोण

प्रेषितांच्या कृत्यांच्या ६ व्या अध्यायात मंडळीतलं पहिलं भांडण अन्नाचं आहे. हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या, विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होत होतं. प्रेषितांनी प्रवचन दिलं नाही. सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर आणि बाकीचे, सातही नावं ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटप दिलं.

त्या नाताळानंतर आम्ही हेच केलं. पुढच्या वर्षी जेवणाची समिती पाच जणींची होती, त्यातल्या दोघी पोडावरच्या. काय रांधायचं, कुठे बसवायचं हे त्यांनी ठरवलं. अंगणात गोल चटया टाकल्या, पंगत नाही. रांग केली की आधी कोण बसणार हा प्रश्न येतोच. सुकट घातलेली अंबाडीची भाजी पहिल्यांदा नाताळच्या जेवणात आली. आमच्यातल्या तीन घरांनी त्या दिवशी जेवायला येणं टाळलं, हे लपवत नाही. पाळक त्या तिन्ही घरी स्वतः गेले, रागावले नाहीत, एकेका घरी दोन-दोन तास बसले. दोन घरं पुढच्या वर्षी आली.

पाण्याकडेही लक्ष असू द्या. वस्तीवर गेल्यावर दिलेलं पाणी प्या. "आम्ही बाटली आणली आहे" या एका वाक्याने सहा महिन्यांचं काम पुसलं जातं. पोटाची भीती वाटत असेल तर उकळलेला काळा चहा मागा, तो सगळीकडे मिळतो.

परवानगी, कायदा आणि खरेपणा

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची घोषणा अनेकांनी ऐकली असेल: "मावा नाटे माटे सरकार", आमच्या गावात आम्हीच सरकार. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात. आदिवासी गावात मोठा निर्णय असाच, सावकाश, एकत्र होतो. एका तरुणाला बाजूला घेऊन घाई केली तर तो आपल्या माणसांपासून तुटतो आणि आपणही त्याला पुरे पडत नाही. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावात कोणताही कार्यक्रम ग्रामसभेला सांगून, उघड्यावर करा. नाही म्हणाले तर चहा पिऊन परत या.

आपल्याविषयीचा संशय या भागात जुना आहे. विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती, तेव्हा १९५४ साली मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली गेली, १९५६ ला तिचा अहवाल आला. त्यावर चिडण्यापेक्षा आपलं वागणं असं ठेवा की तपासायला कोणीही यावं. संविधानाचं २५ वं कलम सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म पाळण्याचा, त्याचा प्रचार करण्याचा हक्क देतं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ ला स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं. राज्याचे कायदे बदलत असतात, त्यामुळे वर्षातून एकदा वकिलाला बसवून पंचांना आजची स्थिती समजावून घ्या.

माझा स्वतःचा नियम याहून कडक आहे. गोळ्या देते तिथे पत्रक देत नाही. धान्य देते तिथे प्रार्थना घेत नाही, समोरच्याने मागितल्याशिवाय. आजाऱ्याच्या खाटेपाशी माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचा होकार घेऊन मी काय करू?

कागदपत्रांबद्दल पहिल्याच बोलण्यात स्पष्ट सांगा. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि १९९० पासून बौद्धांना आहे, ख्रिस्ती झालेल्याला नाही. अनुसूचित जमातीला धर्माची तशी अट नाही, तरी पडताळणीच्या वेळी प्रश्न निघू शकतात. मुलीच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न ज्या घरात आहे त्याला हे नंतर कळणं म्हणजे फसवणूकच.

शहरात गेलेली पोरं

पोडावरचा, तांड्यावरचा मुलगा बुटीबोरीला कारखान्यात किंवा पुण्याला जातो तेव्हा तिथल्या मंडळीत त्याला पहिला प्रश्न आडनावाचा येतो. दोन मुलांनी मला सांगितलं की त्यांनी आडनाव बदलून सांगितलं. म्हणून मूल निघण्याआधी तिथल्या पाळकांशी त्याच्यासमोर फोनवर बोला, काय सांगायचं ते त्यालाच विचारून. सभासदत्वाचं पत्र द्या, पण त्यात जमात लिहू नका. तिथे दर पंधरा दिवसांनी त्याच्या भाषेत बोलणारं कोणी भेटतं का ते बघा. नागपुरात गोंडी बोलणारी माणसं शोधली की सापडतात.

हंगामी जाणाऱ्यांची तयारी वेगळी. मिरचीला निघणाऱ्या टोळीच्या मुकादमाचा नंबर वहीत असू द्या. मुलांच्या लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, शाळेच्या मास्तरांना सांगून घेतलेली पुस्तकं, हे सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. गरोदर बाई असेल तर तिकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव तेलुगूत कागदावर लिहून द्या. आमच्या स्टँडवर आंध्र-तेलंगणाच्या ट्रक ड्रायव्हरांचं एक हॉटेल आहे, तिथला मालक ते लिहून देतो आणि पैसे घेत नाही. जानेवारीत टोळी निघते त्या पहाटे आम्ही दोघी-तिघी जीपपाशी जातो, पिशव्या मोजतो, कोण गेलं ते वहीत फक्त आकड्यात लिहितो: मोठे इतके, लेकरं इतकी. होळीला परत येताना तेच आकडे पुन्हा मोजतो.